वाकलेले बोट

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमची आजी घरातल्या साऱ्या पुरुषांना ओळीने पाटावर बसवून स्वतःच्या हाताने तेल लावीत असे. नागपूरच्या महाल भागातला तो जुना वाडा, बाहेर अजून काळोख, न्हाणीघरातल्या बंबाचा धूर आणि उटण्याचा वास. त्या थंडीत आजीची बोटे तेवढी ऊबदार असत. पन्नाशी उलटलेले थोरले मामासुद्धा त्या दिवशी तिच्यापुढे मुकाट्याने उघडे बसत. १९६६ सालच्या दिवाळीत त्यांच्या उजव्या हाताला तेल चोळता चोळता आजीचा अंगठा तळव्यावर थबकला. अनामिकेच्या मुळाशी, कातडीखाली, हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक गाठ होती. "हे रे काय?" तिने विचारले. मामा शाळामास्तर. "खडू धरून घट्टा पडला असेल," असे म्हणून त्यांनी हात काढून घेतला.

पुढच्या दिवाळीला त्या गाठीची दोरी झाली होती. सुतळी ताणून धरावी तशी ती तळव्यातून अनामिकेत चढलेली दिसे. त्याच्या पुढल्या दिवाळीला बोट आत वळू लागले, आणि मामांनी तेल लावून घ्यायलाच नकार दिला. त्यानंतर आम्हां पोरांना त्यांचा उजवा हात फारसा दिसलाच नाही. फळ्यावर लिहून झाले की तो कोटाच्या खिशात जाई. नागपूरचा उन्हाळा काय असतो हे वाचकांना सांगायला नको. मामा वैशाखातही कोट घालीत. पंगतीला बसणे त्यांनी सोडले. त्यांना मधुमेह होता, तेव्हा पथ्याचे निमित्त आयतेच मिळाले. मागच्या खोलीत एकटे बसून ते चमच्याने जेवत. मामांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. घरात कोणी काही बोलत नसे, आणि प्रत्येकाला ठाऊक होते की कोणता शब्द बोलायचा नाही.

तो शब्द म्हणजे महारोग. त्या काळच्या विदर्भात वाकलेल्या बोटाला दुसरा अर्थच नव्हता. देवळांच्या पायऱ्यांवर, स्टेशनाबाहेर, जत्रेत, पंजासारखी वाकडी झालेली ती बोटे कथलाचा वाडगा दोन मनगटांत धरून पुढे येत, आणि आया मुलांना पदराआड ओढून घेत. मामांनी आपले बोट पाहिले आणि त्यांना तो वाडगा दिसला. आम्हां सगळ्यांनाच दिसला.

वास्तविक बोटे वाकण्याचे इतिहास दोन आहेत, आणि ते एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. पहिला आपल्यापासून फार लांबचा आहे. स्वित्झर्लंडातील बाझल शहरी फेलिक्स प्लाटर नावाचा वैद्य होता. १६१४ साली त्याने एका पाथरवटाच्या हाताची हकीकत लिहून ठेवली. त्या पाथरवटाची दोन बोटे तळव्याकडे ओढली गेली होती. प्लाटरचा समज असा झाला की बोटांचे स्नायुरज्जू जागचे सुटून वर आले. समज चुकीचा होता, पण पुढे दीडशेहून अधिक वर्षे कोणी तो तपासला नाही. १७७७ साली लंडनमध्ये हेन्री क्लाइन याने मृत हाताची चिरफाड करून पाहिली, तेव्हा रज्जू निर्दोष निघाले. दोष होता तळव्याच्या कातडीखाली जो पांढरा, चिवट पडदा असतो त्यात. हा पडदा आपल्या सर्वांनाच असतो. त्याच्यामुळेच तळव्याची कातडी हाताच्या पाठीवरच्या कातडीसारखी सैल न राहता घट्ट बसते आणि पळीचा दांडा हातात फिरत नाही. तोच जाड होऊन आखडला की बोटाला आत ओढतो. क्लाइनचा शिष्य अ‍ॅस्टली कूपर याने १८२२ मध्ये लिहिले की बारीक टोकदार शस्त्र लहानशा छिद्रातून आत घालून तो आखडलेला पट्टा कापावा आणि बोट सरळ बांधून ठेवावे. हात उघडा फाडायचा नाही, केवळ टोचायचे! पुढे दोनशे वर्षे वैद्यक फिरून फिरून जिथे आले ते ठिकाण कूपरने तेव्हाच दाखवून ठेवले होते.

नाव मात्र झाले पॅरिसच्या गियोम द्युपुत्रां याचे. तो ओतेल-द्यू रुग्णालयातला नावाजलेला शस्त्रवैद्य. १८३१ च्या जूनमध्ये त्याने एका दारूच्या व्यापाऱ्याचा हात कापून बोटे मोकळी केली आणि डिसेंबरात त्यावर व्याख्यान दिले. भूल देण्याची विद्या तेव्हा जन्मली नव्हती. ती सार्वजनिक झाली १८४६ साली. त्या व्यापाऱ्याने काय सोसले असेल ते त्याचे तो जाणे. द्युपुत्रांचा दुसरा एक रोगी घोडागाडीचा सारथी होता. पिंपे उचलून आणि चाबूक धरून तळवा आखडतो, असे त्याने अनुमान बांधले. आमच्या मामांचा खडूचा घट्टा त्याच जातीचा. कष्टाच्या हाताला कष्टानेच काही झाले असेल, हे मनाला पटते. पण पुढे दिसून आले की हा रोग बऱ्याच अंशी रक्तातून येतो. उत्तर युरोपातल्या माणसांत तो विशेष, आपल्याकडे विरळा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने तर त्याची काही आनुवंशिक बीजे निअँडरथल मानवापर्यंत नेऊन भिडवली. तसा तो मधुमेह्यांच्या हाती सर्वत्रच थोडाबहुत आढळतो, आणि त्यांच्यात बहुधा मधल्या बोटाला आणि अनामिकेला धरतो. हे मामांना कोणी सांगितले असते तर!

दुसरा इतिहास आमच्या दाराशी घडलेला आहे, म्हणून त्याविषयी अधिक सांगणे भाग आहे.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील बेर्गेन येथे आरमॉएर हॅन्सेन याने १८७३ मध्ये पाहिला. हा जंतू बोट खात नाही. तो मज्जातंतूंत घर करतो. आपले कोपर चुकून कशावर आदळले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. त्या ज्या तंतूतून जातात तोच तंतू या रोगात विशेष सापडतो. तो सुजून दोरीसारखा जाड होतो आणि मग करंगळी व अनामिका यांची जाणीव जाते, तळव्यातले बारीक स्नायू लुळे पडतात. बोटे सरळ राखण्याचे काम ते बारीक स्नायू करतात. ते गेले की कोपर आणि मनगट यांमधले मोठे स्नायू एकतर्फी ओढ घेतात आणि बोटांचा पंजा होतो. तसाच कित्येक महिने राहिला की सांधे आणि कातडीही त्याच आकारात आखडून बसतात. बोटे झडतात ती रोगाने नव्हे. जाणीव नसल्यामुळे चूल भाजते, काच रुतते, जखम चिघळते, आणि माणसाला पत्ताच नसतो. दुखणे ही केवढी देणगी आहे हे ज्यांचे दुखणे गेले त्यांच्याकडे पाहून कळते.

उपाय काय होता? कडू कवठाचे तेल. आपल्या सह्याद्रीच्या रानात होणारे हे झाड. संस्कृतात त्याला तुवरक म्हणतात. सुश्रुताने या तेलाची योजना मधुमेहाच्या प्रकरणात सांगितली आहे आणि तिथेच कुष्ठावरही दिली आहे. मामांच्या हातातला मधुमेह आणि मामांच्या मनातले कुष्ठ एकाच अध्यायात सापडावीत, हा योगायोग मला फार पुढे कळला. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याला लेनर्ड रॉजर्स आणि हवाईत अ‍ॅलिस बॉल यांनी या जातीच्या तेलांना टोचता येण्याजोगे रूप दिले. मग सुईचे युग सुरू झाले. दाट तेलाची ती सुई आठवड्यातून दोनदा वगैरे, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे. टोचल्या जागी गळवे होत. गुण येई की नाही याविषयी वैद्यांत शेवटपर्यंत एकमत झाले नाही. पण सुई घेऊन कोणीतरी आपल्या अंगाला हात लावतो आहे, हेच त्या माणसांना किती वर्षांनी अनुभवाला येत होते!

कारण हात लावणे हीच खरी अडचण होती. सरकारजवळ १८९८ चा कायदा होता. त्याने कुष्ठी भिकाऱ्याला पकडून आश्रमात कोंडता येई. हात लावायला मात्र माणसे लागत. ती नागपूरच्या आसपास शंभर मैलांच्या आत एकामागून एक उभी राहिली, हे विदर्भाचे भाग्य. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केले. तोवर हे काम मिशनऱ्यांचे, असाच लोकांचा समज होता. १९३९ मध्ये सेवाग्रामच्या दाराशी परचुरे शास्त्री येऊन ठेपले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचा त्यांच्याशी संबंध आलेला. रोग वाढलेला होता. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, आपल्या कुटीपासून जवळच त्यांच्यासाठी झोपडी बांधवली आणि रोज स्वतः त्यांच्या अंगाला तेल चोळीत बसले. त्या चोळण्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. मी ते शाळेत असताना पाहिले होते, आणि आमच्या घरी मामा आजीला हात लावू देत नव्हते.

अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन वसवले. आणि वरोऱ्याला मुरलीधर देवीदास आमटे होते. जमीनदाराचा मुलगा, नागपुरास शिकलेला वकील, वरोऱ्याच्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष. पावसात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठी पाहून ते भ्याले आणि घरी पळून आले, हे त्यांनी स्वतःच वारंवार सांगितले आहे. मोठ्या माणसांच्या चरित्रात असली कबुली क्वचित सापडते. ते परत गेले, त्याची सेवा केली. पण मला महत्त्वाचे वाटते ते पळून येणे. कारण तिथवर आमचे सारे घर त्यांच्या बरोबरीने होते. पुढे दत्तपूरला त्यांनी काम पाहिले, मग कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या शाळेत रीतसर शिक्षण घेतले. हा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही. माणसात वाढवून पाहता येईल काय, असा प्रश्न होता. बाबांनी आपला देह पुढे केला आणि जंतू टोचून घेतले. प्रयोग निष्फळ झाला, त्यांना रोग झाला नाही. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. पन्नास एकर दगडाळ जमीन आणि सहा रोगी. विहीर खणायची ती त्याच वाकलेल्या बोटांनी. त्या बोटांनी पिकवलेली भाजी वरोऱ्याच्या बाजारात प्रथम कोणी घेईना. दशक-दीड दशकात त्याच वरोऱ्याची मुले आनंदवनाच्या कॉलेजात शिकायला जाऊ लागली.

औषधही याच सुमारास बदलले. अमेरिकेत कार्व्हिल येथे १९४१ साली सल्फोन गटाच्या औषधाची सुई पहिल्यांदा टोचली गेली. मद्रासजवळ चिंगलपट येथे रॉबर्ट कॉक्रेन यांनी १९४६ पासून डॅप्सोन वापरले, आरंभी तेही टोचूनच. मग गोळी आली, स्वस्त आणि सोपी. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन निघाले. डॉ. वारदेकर आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडून रोगी हुडकू लागले, लोकांना समजावू लागले, घरीच औषध देऊ लागले. बोट वाकण्यापूर्वी रोगी सापडला तर बोट वाकतच नाही. एवढे साधे ते शास्त्र होते. पुढे १९८० नंतर तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली, तेव्हा देशातल्या अगदी पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता.

पण ज्यांची वाकून बसली होती त्यांचे काय? १९४७ च्या सुमारास वेल्लोरचे पॉल ब्रँड हे तरुण शस्त्रवैद्य चिंगलपटला गेले. एका रोग्याच्या पंजात त्यांनी आपला हात दिला आणि दाबायला सांगितले. निर्जीव वाटलेल्या त्या पंजाने असा काही दाबला की ते ओरडलेच. म्हणजे कोपर आणि मनगट यांमधले स्नायू शाबूत आहेत! मग त्यातलाच एखादा रज्जू उचलून बोट सरळ करण्याच्या कामाला का लावू नये? १९४८ पासून त्यांनी तसे केले. मात्र त्याआधी एक लांबलचक तयारी असे, आणि मला ती शस्त्रक्रियेपेक्षा मोलाची वाटते. आखडलेले बोट आधी मऊ करावे लागे: पातळ केलेल्या मेणात हात बुडवायचे, तेल लावून चोळायचे, मग बोटाभोवती प्लास्टरची नळी घालायची, काही दिवसांनी ती काढून थोडे अधिक सरळ करून नवी घालायची. आठवडेच्या आठवडे. सुरी नाही, रक्त नाही. पुष्कळ बोटे एवढ्यानेच बरीचशी उघडत. सरळ हात घेऊन घरी गेलेल्या एकाने परत येऊन तक्रार केली की हे हात भीक मागायला वाईट आहेत; वाकडे होते तेव्हा पैसे पडत, आता कोणी काम देत नाही आणि भीकही घालत नाही. ब्रँडनी मग त्यांना सुतारकाम वगैरे शिकवणारे केंद्र काढले. आणखी एक शोध त्यांना तिथेच लागला. काही रोग्यांची बोटे रात्रीतून नाहीशी होत. पाळत ठेवली, तेव्हा उंदीर कुरतडताना सापडले. झोपलेल्याला दुखतच नव्हते. रोग्यांना मांजरे पाळायला दिली गेली. आपल्या मुंबईत डॉ. नोशीर अंतिया यांनी हीच विद्या जे. जे. रुग्णालयात आणली, आणि कुष्ठरोग्याला इतर रोग्यांच्याच वॉर्डात खाट मिळाली पाहिजे असा हट्ट धरला.

आता मामांकडे येतो. १९६९ सालच्या दिवाळीच्या आधी शेजारच्या वाड्यातला एक मुलगा, नुकताच डॉक्टर झालेला, फराळाचे आमंत्रण करायला आला. मामांनी डाव्या हाताने नमस्कार केल्यासारखे केले. पोराच्या ते ध्यानात आले. तो म्हणाला, "मामा, कोट काढा." मामा रागावले, मग गप्प झाले, मग त्यांनी कोट काढला. त्याने त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, आजीच्या वातींच्या डब्यातला कापसाचा पिंजार घेतला आणि करंगळीला, अनामिकेला, तळव्याच्या कडेला हळूच लावत गेला. "कळले की बोट ठेवून दाखवा." मामा दर वेळी अचूक दाखवीत. मग त्याने टाचणी टोचली. मामा "अगं आई" म्हणाले. आजी दारात उभी होती. मुलाला दुखले म्हणून आनंदाने रडणारी आई मी तेवढी एकच पाहिली. त्याने कोपरामागचा तंतू चाचपला, तो जाड नव्हता. "हा तो रोग नव्हे," तो म्हणाला. "तळव्याचा पडदा आखडला आहे. मधुमेहात होतो. कापून मोकळा करता येतो, पण सध्या काही अडत नसेल तर राहू द्या."

तीन वर्षे! कोणी एकाने टाचणी टोचायची होती. मामा गेले असते तर दत्तपूर जवळच होते. त्यांना नेमके तिथेच जायचे नव्हते. घरातल्या कोणी विचारले असते, तर विचारणे म्हणजेच बोलणे झाले असते. आम्हां मुलांनाही मी यातून वगळत नाही. मामांच्या हातचा पेढा घेऊन तो मी खिशात ठेवीत असे आणि नंतर कोपऱ्यावर टाकून देत असे. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

मामांच्या बोटावर जो इलाज नीट बसला असता तो आला चाळीस वर्षांनी. १९७० च्या दशकात पॅरिसच्या काही संधिवाताच्या वैद्यांनी कूपरची जुनी युक्ती पुन्हा उचलली. जागा तेवढी बधिर करून सुईच्या टोकानेच ती दोरी कातडीखाली कुरतडायची आणि बोट ओढून तोडायची. त्याहून चमत्कारिक गोष्ट न्यूयॉर्क राज्यात स्टोनी ब्रूक येथे लॉरेन्स हर्स्ट आणि मारी बडालामेंते यांनी केली. सडणाऱ्या जखमांत सापडणारा एक जंतू आहे. तो मांसात वाट काढतो ती कोलॅजेन विरघळवणाऱ्या एन्झाइमच्या जोरावर. तळव्यातली दोरीही कोलॅजेनचीच. मग ते एन्झाइम शुद्ध करून थेंबभर दोरीतच टोचले तर? टोचायचे, रोग्याला घरी पाठवायचे, दुसऱ्या दिवशी बोलावून बोट हळूहळू मागे ताणायचे; पुष्कळदा तुटल्याचा आवाजही ऐकू येतो. २००९ साली ३०८ रोग्यांवरील प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला: औषध टोचलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा सांधा जवळजवळ पूर्ण सरळ झाला, नुसतेच पाणी टोचलेल्यांत ७ टक्क्यांचाही नाही. २०१० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. अर्थात जादू नव्हे. सुई थोडी चुकली तर शेजारचा रज्जूच तुटण्याचा धोका असतो, आणि पाच वर्षांनी पाहिले तेव्हा सरळ झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या सांध्यांत रोग परतला होता. किंमतही भारी. २०२० मध्ये युरोपच्या बाजारातून बनवणाऱ्यांनीच ते मागे घेतले, धंद्याच्या हिशेबाने. तिथले वैद्य पुन्हा साध्या सुईकडे आणि सुरीकडे वळले.

१८९८ चा तो कायदा २०१६ साली रद्द झाला. नवरा किंवा बायकोला कुष्ठ आहे म्हणून काडीमोड मागण्याची तरतूद २०१९ मध्ये गेली. चंद्रपूर-गडचिरोलीकडे नवे रोगी अजून सापडतात, आणि गोळ्यांनी बरे होतात. अजूनही काही जण उशिरा येतात. उशिराचे कारण पुष्कळदा कोटाचा खिसाच असतो.

मामांनी शस्त्रक्रिया करून घेतली नाही. बोट आणखी थोडे वाकून थांबले. पण त्या १९६९ च्या नरकचतुर्दशीला ते पाटावर येऊन बसले आणि उजवा हात आजीपुढे धरला. आजीने ती दोरी अंगठ्याने वरपासून खालपर्यंत तीनदा चोळली, जणू तेवढ्याने ती सुटणार होती. दुपारी माजघरात पंगत बसली. मामा आमच्या ओळीत होते. वाकलेली अनामिका भातात आडवी येई, वरण मनगटापर्यंत ओघळे, आणि मामी म्हणत होती, "अहो, चमचा देऊ का?"

"नको," मामा म्हणाले, "तूप वाढ."